करंजाखालची मोकळी जागा

आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर करंजाचं एक झाड आहे. त्या झाडाखाली एक बाई अकरा वर्षं भाजी विकत बसली. त्याच झाडाचे मी अकरा वर्षं, दर महिन्याला, फोटो काढले. आणि त्यातल्या एकाही फोटोत ती बाई नाही. हे लिहितानासुद्धा माझी मूठ वळते.

कॉलनीचं नाव सांगत नाही. सांगितलं तर उद्या सकाळी चार जण दारात येतील आणि माझं डोकं पुन्हा फिरेल. हायवेच्या सर्व्हिस रोडला लागून, उसाच्या रानाचे प्लॉट पडून वसलेली वस्ती आहे. अशा वस्त्या साताऱ्यापासून सांगलीपर्यंत पायलीला पन्नास. पाण्याची टाकी, गणपतीचं मंदिर, मेडिकल, दोन क्लासेस, एक मंगल कार्यालय आणि प्रत्येक विजेच्या खांबावर गॉगल लावलेल्या कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स. मी फौजेतून हवालदार म्हणून बाहेर पडलो आणि इथं घर बांधलं. आमच्याकडे फौजेतून कुणीही, कुठल्याही हुद्द्यावरून परत आला की गाव त्याला मेजरच म्हणतं. मलाही म्हणायला लागलं. पहिल्या दोन-चार वेळा मी दुरुस्ती केली, मग सोडून दिलं. खरं सांगायचं तर आवडायला लागलं.

फोटोंचा नाद नोकरीतलाच. युनिटमध्ये कार्यक्रम असला, मोठे साहेब पाहणीला आले की कॅमेरा माझ्या गळ्यात. तिथं फोटो काढण्याआधी एक काम ठरलेलं असायचं: एरिया साफ. बादल्या, झाडू, वाळत घातलेली बनियनं, आचाऱ्याची हातगाडी, स्वतः आचारी, सगळं चौकटीच्या बाहेर. साहेबाच्या फोटोत चुना मारलेले दगड दिसले पाहिजेत, चुना मारणारा नाही. वीसेक वर्षं मी हेच केलं आणि यालाच फोटोग्राफी म्हणतात असं समजलो.

निवृत्तीनंतर काढायचं कारण मात्र वेगळं होतं. सुट्टीवर यायचो तेव्हा दर वेळी काहीतरी नाहीसं झालेलं असायचं. विहीर बुजलेली, आंब्याचं झाड तुटलेलं, पायवाटेवर कुणाची तरी भिंत. विचारलं, कधी झालं हे? तर उत्तर, "झालं की मागंच." मागंच म्हणजे कधी, ते कुणालाही सांगता यायचं नाही. मला याची भयंकर चीड यायची. माणसं जिथं राहतात तिथलं एवढंही त्यांच्या लक्षात राहत नाही? म्हणून ठरवलं की आपण नोंद ठेवायची. महिन्याचा पहिला रविवार, सकाळी साडेसात, सहा ठिकाणं, प्रत्येक ठिकाणी उभं राहायची जागा ठरलेली. मेडिकलच्या फरशीवर मी ऑइलपेंटने एक फुली मारून ठेवली होती, तिथं पाय ठेवला की करंजाचं झाड दर महिन्याला त्याच जागी यायचं.

आणि दर महिन्याला मी चिडायचो. झाडाखाली कुणीतरी बुलेट लावलेली. कुणीतरी मोबाइलवर बोलत बरोबर मधोमध थांबलेला. "ओ भाऊ, सरका," म्हटलं की तो दुसऱ्या बाजूने मधे. मी ओरडायचो. प्लास्टिकच्या पिशव्या स्वतः उचलायचो आणि टाकणाऱ्यांचा उद्धार करायचो. फ्लेक्स सोडवायचो, त्यावरून भांडणं व्हायची. सगळी कॉलनी म्हणायची, मेजरचा पहिला रविवार आला, गाड्या काढा.

आणि ती बाई. पन्नाशीच्या पुढची, उन्हात रापलेली, नऊवारी नाही, साधी पाचवारी साडी आणि वरून मुलाचा जुना शर्ट. पलीकडच्या वाडीवरून पहाटेच्या पहिल्या वडापच्या जीपने भाजी घेऊन यायची. करंजाच्या बुंध्याला टेकून पोतं अंथरायची, त्यावर मेथी, शेपू, कोथिंबीर, कधी गवार, कधी घेवडा. पानं ताजी राहावीत म्हणून बाटलीच्या झाकणाला भोकं पाडून त्यातून पाणी शिंपडायची. माझी बायको तिच्याकडूनच भाजी घ्यायची, रोज, आणि घेताना पंधरा मिनिटं बोलायची. मी तिला मावशी म्हणायचो.

"मावशी, जरा बाजूला. दोनच मिनिटं."

एवढंच म्हणायचो. ती हातातली जुडी ठेवायची, गुडघ्यावर हात देऊन उठायची, पोत्याची दोन टोकं धरून सगळी भाजी ओढत झाडामागे न्यायची. मग मी क्लिक करायचो. मग ती पुन्हा सगळं ओढत जागेवर. पहिली दोन वर्षं सांगावं लागलं. नंतर मी मेडिकलपाशी दिसलो की ती आपणहून आवरायला लागायची. मला काय वाटायचं, सांगू? शिस्त आली बाईला, असं वाटायचं. घरी येऊन बायकोला कौतुकाने सांगितलं होतं मी हे. ती ऐकून कुकर लावायला गेली होती.

एका दसऱ्याला ती झेंडूचा मोठा ढीग घेऊन बसली होती. नवी साडी होती अंगावर, गर्द जांभळी. मी कॅमेरा काढला तशी हसून म्हणाली, "मेजर, आज माजा बी एक काडा की. लेक म्हनती, आयचा एक बी फोटू न्हाई."

मी म्हणालो, "पुढच्या वेळी. आता ऊन वर येतंय." आणि तिला उठवलं. नुसत्या झेंडूचा मात्र काढला, अगदी जवळून, पाकळीन् पाकळी. तो फोटो पुढच्या वर्षी कॉलनीच्या कॅलेंडरवर ऑक्टोबरच्या पानावर छापला गेला. ते पान मी फ्रेम करून घेतलं. पुढची वेळ मी कधी आणली नाही आणि तिने पुन्हा मागितलं नाही.

मागच्या वर्षी पालिकेने फेरीवाल्यांची नोंद सुरू केली. जो एका जागी बरीच वर्षं बसतो त्याला ओळखपत्र, आणि तीच जागा कायम. ज्याला सिद्ध करता येणार नाही त्याला भुयारी मार्गाच्या पलीकडे नव्या मंडईत ओटा. ती मंडई अशा ठिकाणी आहे की आमच्या कॉलनीतलं माणूस तिथं भाजी आणायला जाणार नाही, आणि वाडीवरची जीप तिथं थांबत नाही. करंजाखालची जागा गेली तर तिचा धंदा गेला, हे तिलाही कळत होतं आणि मलाही. तिच्याकडे कागद नव्हता. इथं ग्रामपंचायत होती तेव्हापासूनची ती. कुणी तिच्या नावाने पावती फाडली नाही, कुणी दाखला दिला नाही. सुनेच्या मोबाइलमध्ये एक फोटो होता, पण त्यात नुसतं तोंड. मागे झाड आहे की भिंत ते कळत नव्हतं. कॉलनीतल्या बाकी लोकांच्या मोबाइलमध्ये हजारो फोटो असतील, पण ते सगळे ज्याचे त्याचेच.

एका संध्याकाळी ती आमच्या फाटकाशी आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आत या म्हटलं तरी पायरीवरच बसली.

"आवं मेजर, पालिकेतलं मानूस आलतं. म्हनतं, हितं बसत व्हता कशावरनं? पुरावा आना. म्या म्हनलं, आमच्या मेजरकडं हाय. अकरा वर्सं फोटू काडत्यात ते त्या झाडाचं."

मी छाती फुगवून हसलो. होय, फुगवून. तिला म्हणालो, "मावशी, निवांत घरी जा. एक न्हाई, शंभर फोटो देतो. तारखेसकट. बघू कोण उठवतंय तुम्हाला." ती हात जोडून गेली. मला इतकं बरं वाटलं होतं की मी बायकोला चहा टाकायला लावला. माझ्या नोंदीचा शेवटी कुणाला तरी उपयोग होणार होता. सगळे हसत होते ना मेजरच्या नादाला? आता कळेल.

जेवण झाल्यावर कॉम्प्युटर लावला. माझं काम पद्धतशीर असतं, वर्षांच्या फोल्डरमध्ये महिन्यांचे फोल्डर. पहिलं उघडलं. झाड. खाली मोकळी जमीन. दुसरं. झाड, मोकळी जमीन. उन्हाळ्यातलं, पावसाळ्यातलं, करंजाला मोहोर आलेलं, पानं झडलेलं. मी भराभर पुढे जात राहिलो. पहिल्यांदा वाटलं, सुरुवातीच्या वर्षांत नसेल, नंतरच्यात असेल. नंतरच्यात तर जमीन आणखी स्वच्छ. मधेच एखादा असेल, चुकून निघालेला, घाईतला. पण मी असे चुकलेले फोटो ठेवत नाही. महिनाअखेर बसून काढून टाकतो. बारा-पंधरा फोटोंत बुंध्याजवळ जमिनीचा एक तुकडा ओला दिसत होता, ती पाणी शिंपडायची तिथला. बाई उठल्यानंतरची ओल. बस, एवढंच.

मी बायकोला हाक मारली. तिने मागे उभं राहून पाच-सात फोटो पाहिले.

"यात कशी असेल ती?" ती म्हणाली. "तुम्हीच उठवत होता की."

मी तिच्यावर ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही, पण पुष्कळ ओरडलो. तू आधी का बोलली नाहीस, असं काहीतरी. ती शांतपणे म्हणाली, "बोलले असते तर ऐकलं असतं?" आणि झोपायला गेली. मी माऊस भिंतीवर आपटला. दुसऱ्या दिवशी नवीन आणावा लागला.

ओली जमीन असलेले फोटो छापून मी पालिकेत गेलो. आमच्या वॉर्डाची नोंद करणारा क्लार्क तरुण होता, नम्र होता, त्यामुळे माझी आणखीच पंचाईत झाली. त्याने फोटो एकेक करून पाहिले.

"मेजर, ओल म्हणजे काय पुरावा होतो का? पाणी कुणीही टाकतं."

मी म्हणालो, ती बाई तिथं बसायची, मी स्वतः पाहिलंय. तो म्हणाला, बरोबर असेल, पण आमच्याकडे त्या जागेचा दुसरा प्रस्ताव आधीच आलेला आहे. त्याने एक फाइल काढली. आमच्याच कॉलनीच्या सुशोभीकरण समितीचा अर्ज. करंजाच्या झाडाभोवती कट्टा, दिवे आणि सेल्फी पॉइंट करून मिळावा. खाली वाक्य: सदर जागा अनेक वर्षांपासून मोकळी असून तिचा कोणीही वापर करत नाही. सोबत फोटो जोडले आहेत.

फोटो माझे होते. सहा. वेगवेगळ्या वर्षांचे, एकाच जागेवरून काढलेले. कोपऱ्यात माझं नाव आणि तारीखसुद्धा, कारण मी ती घालतोच. मीच दिले होते समितीला, कॅलेंडरसाठी, पेन ड्राइव्ह भरून, वर दोन तास बसून कुठला चांगला ते समजावून.

"इतकं चांगलं रेकॉर्ड आम्हाला क्वचित मिळतं," तो पोरगा म्हणाला. टोमणा नव्हता तो. मनापासून म्हणाला.

मी टेबलावर हात आपटला. सगळं ऑफिस वळून बघायला लागलं. मी सांगितलं, जागा मोकळी नव्हती, मी मोकळी करायचो. दर महिन्याला. बाईला उठवून. हे फोटो खोटे आहेत. त्याने पाणी मागवलं. मग म्हणाला, लिहून द्या. मी तिथंच पानभर लिहून दिलं, सही केली. त्याने ते वाचलं आणि विचारलं, "म्हणजे तुम्ही सहा फोटोंत दाखवलेलं खरं नाही, आणि आता लिहिलेलं खरं, असं धरायचं का आम्ही? कमीत कमी कॉलनीतल्या पंचवीस जणांच्या सह्या आणा. मग पुढे पाठवतो."

पंचवीस सह्या म्हणजे काय विशेष, असं मला वाटलं. निम्मी कॉलनी तिच्याकडून भाजी घ्यायची.

तीन दिवस दारोदार फिरलो. आता कॉलनीचं नाव सांगत नाही ते याचमुळे. ज्या घरात त्याच सकाळी तिचीच मेथी निवडत बसले होते, त्या घरातल्या माणसाने मला सांगितलं, "मेजर, सहीचं जरा बघतो." मेथीच्या काड्या समोर पेपरवर पडलेल्या. दुसऱ्याने विचारलं, उद्या समितीवाले नाराज झाले तर? एक शिक्षिका म्हणाल्या, मावशी फार चांगल्या आहेत हो, पण कट्टा झाला तर मुलांना बसायला होईल. एकाने तर मलाच शिकवलं की नवी मंडई स्वच्छ आहे, छप्पर आहे, बाईचंच भलं आहे. मी म्हटलं, तू जाणार का तिथं भाजीला? तो म्हणाला, आमचं आता ऑनलाइन येतं. त्याच्या फाटकावर मी लाथ मारली. ते मी कबूल करतो, आणि त्याबद्दल मला अजूनही वाईट वाटत नाही.

समितीचा अध्यक्ष माझा शेजारी. सकाळी आम्ही बरोबर फिरायला जायचो. त्याच्याकडे शेवटी गेलो, कारण त्याच्यावर सगळ्यात जास्त राग होता. तोंडावर सांगितलं की तू खोटा अर्ज केलास. रोज ती बाई तुझ्या डोळ्यासमोर बसते आणि तू लिहितोस जागा मोकळी आहे?

तो चिडला नाही. म्हणाला, "मेजर, बसा. तुम्हाला आठवतं का, वर्गणीच्या मीटिंगमध्ये तुम्हीच म्हणाला होता, त्या कोपऱ्यावर पोतं पसरलं की सगळ्या कॉलनीची शोभा जाते?"

मी म्हणालो, मी असं म्हणालो नव्हतो.

"म्हणाला होता. तुमच्या फोटोत झाड किती छान दिसतं, एरवी का दिसत नाही, असं मी विचारलं. त्यावर म्हणाला होता. मला तर ही कल्पनाच तुमच्या फोटोवरून सुचली."

मी म्हणालो होतो. त्याच खोलीत, त्याच सोफ्यावर बसून, चहा पीत. तो बोलत असताना मला माझाच आवाज ऐकू यायला लागला. पायात चप्पल न घालताच मी बाहेर आलो आणि पुन्हा आत जाऊन घालायची लाज वाटली, म्हणून तसाच घरी गेलो. त्याच्या मुलीने नंतर आणून दिली.

सह्या अकरा झाल्या. त्यातल्या चार आमच्याच घरातल्या आणि सोयऱ्यांच्या. क्लार्कने घेतल्या, शिक्का मारला, आणि महिन्याभराने कळवलं की पुरेशा पुराव्याअभावी नवी मंडई. तिला सांगायला मला जावं लागलं. कुणी दुसरं गेलं असतं तर बरं, असा भेकड विचार मी फौजेतसुद्धा कधी केला नव्हता. ती पोत्यावर बसली होती. मी सगळं सांगितलं. फोटो कसे गेले, अर्ज कसा झाला, तेही. काही लपवलं नाही. तिने ऐकून घेतलं, मग एका गिऱ्हाइकाला शेपूची जुडी दिली, मग म्हणाली, "तरी मी म्हनत व्हते, मेजर देतो म्हनले आन आलं का न्हाईत." एवढंच. शनिवारी ती उठली. त्या वेळी तिला मी उठवलेलं नव्हतं, पण त्याने काय फरक पडतो?

कट्टा झाला. मधोमध प्लास्टिकचा लाल बदाम, पत्त्यातला असतो तसा, त्यावर कॉलनीचं नाव इंग्रजीत. उद्घाटनाचे फोटो काढायला अध्यक्षाने मलाच बोलावलं, शाल आणि नारळ देणार होते. मी फोनवर जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. तेव्हापासून आम्ही वेगवेगळ्या रस्त्याने फिरायला जातो. आता त्या बदामापाशी दिवसभर कुणी ना कुणी उभं राहून स्वतःचा फोटो काढतं. मला त्यांना हाताला धरून ओढावंसं वाटतं. म्हणावंसं वाटतं, तुम्ही जिथं उभे आहात तिथं एक बाई बसायची. एकदा एका कॉलेजच्या मुलीला म्हणालोही. ती म्हणाली, "काका, कधी?" आणि मी घराकडे वळलो.

मी महिनाभर कॅमेऱ्याला हात लावला नाही. मग पहिला रविवार आला तेव्हा कॅमेरा घेतला आणि नव्या मंडईत गेलो. बायको म्हणाली, कशाला जाताय? मी म्हणालो, निदान आता तरी काढतो. हायवे ओलांडून, भुयारी मार्गातल्या पाण्यातून पँट वर धरून पलीकडे गेलो. पत्र्याखाली सिमेंटचे ओटे, प्रत्येकावर रंगाने आकडा. पुढचे ओटे भरलेले, मागचे निम्मे रिकामे. ती शेवटच्या रांगेत होती. तोच शर्ट. समोर थोडीच भाजी, आणि नऊ वाजत आले तरी ती तशीच पडलेली. कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होती.

मला पाहून "या" म्हणाली. तब्येत विचारली, बायकोची चौकशी केली. मग मी कॅमेरा पिशवीतून काढला.

"मावशी, तुमचा फोटो काढतो. उठू नका. बसल्या जागी, अशाच."

"कशाला?"

"रेकॉर्डला. उद्या पुन्हा कुणी विचारलं तर."

"हितलं कोन इचारनार? हितनं कोन उठिवतंय?" तिचा हात थांबला नव्हता. "तवा पायजे व्हता, मेजर. आता तुमी काडनार, घरला जाऊन बगनार, आन तुमास्नी बरं वाटनार. माजं काय त्यात?"

मी म्हणालो, "मावशी, बोला मला. शिव्या द्या. माझं चुकलं."

तेव्हा तिने जुडी खाली ठेवली. मी तिला अकरा वर्षं पाहत होतो, तिचा आवाज चढलेला कधी ऐकला नव्हता. शेजारच्या ओट्यावरचा कांदेवाला मान वर करून बघायला लागला.

"तुमाला काय बोलू? तुमचा न्हाई येत राग. तुमी मेजर, तुमी सांगनारच. माजा मला येतो! रातीला पडल्यावर येतो. झाड काय तुमच्या बाचं व्हतं? माजं गुडगं दुखत व्हतं, माल मातीत ओढत व्हते, आन तुमी उठ म्हनलं की मी उठत व्हते. पुडं पुडं तर म्हनायच्या आदीच. अकरा वर्सांत एकदा तरी म्हनायला नगो व्हतं का मी, न्हाई उठत म्हनून?"

तिने डोळे शर्टाच्या बाहीला पुसले. मग पुन्हा कोथिंबीर हातात घेतली, पिवळी पानं काढून टाकली आणि सुतळीचा तुकडा दातात धरला. मी कॅमेरा पिशवीत घातला आणि तिच्या समोर नुसता उभा राहिलो.